पानं सुकली नव्हती

कुंडीतली वेल एकाएकी मान टाकते, तेव्हा लोक पहिलं काय करतात? पाणी ओततात. तांब्याभर, बादलीभर, हाताला लागेल तेवढं. मग दोन दिवसांनी मेलेली वेल घेऊन आमच्या नर्सरीत येतात आणि मलाच सुनावतात, “बाई, तुमचं झाडच खराब होतं.” वीस वर्षं मी तिथं काम करते. अशांना मी काय ऐकवते ते इथे सांगण्यासारखं नाही. आमचे माळीकाका म्हणतात, या बाईला छाटणीची कात्री वेगळी द्यायची गरजच नाही, जिभेवर भागतं. मागच्या थंडीपर्यंत मला हे ऐकून बरं वाटायचं.

त्या सकाळी मी रोपांना पाणी देत होते आणि बारकीचा फोन आला. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. अठ्ठावीस वर्षांची घोडी आहे, तीन महिन्यांच्या मुलीची आई आहे, पण माझ्या तोंडी अजून बारकीच. आई गेली तेव्हा ही चाळीस दिवसांची होती आणि मी चौदा वर्षांची. आई त्या बाळंतपणातून सावरलीच नाही. बारकीला बाटलीनं दूध मी पाजलं, शाळेत मी घातलं, लग्नही मीच लावून दिलं. त्यात माझं स्वतःचं राहून गेलं, त्याचं मला काही वाटत नाही. पण तिला दिवस गेले तेव्हापासून माझ्या पोटात जो गोळा बसला होता तो काही केल्या उतरेना. हे तिला बोलून दाखवायचं नाही, म्हणून मग मी ओरडायचे. वेळेवर जेव म्हणून ओरडायचे, झोप म्हणून ओरडायचे. भीती वाटली की माझा आवाज चढतो, ही जन्माची खोड आहे.

“ताई, जाईनं मान टाकलीय,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“काल संध्याकाळी चांगली होती. सकाळी उठून बघते तर सगळी पानं खाली. आणि कळ्या सगळ्या गळल्यात गं. गॅलरीत नुसता सडा पडलाय.”

“पाणी ओतलंस?”

“नाही. तूच सांगितलंयस ना, आधी मातीत बोट घालून बघायचं. बघितलं. ओली आहे.”

हे बारकीचं असं आहे. मी सांगितलेलं ती ऐकते. अक्षरन् अक्षर ऐकते. बाकी जगाला मी ओरडून ओरडून थकते, पण या पोरीला एकदा सांगितलं की काम झालं.

“ताई,” ती जरा थांबून म्हणाली, “पिटुकली झाली त्याच आठवड्यात तू ही वेल लावून दिलीस. मला कसंतरीच होतंय.”

“कसंतरी म्हणजे काय?”

“म्हणजे... काही वाईट तर व्हायचं नसेल ना?”

“डोकं फिरलंय का तुझं? वेलीला रोग झाला तर तो वेलीला झालाय. त्यात पोरीला कशाला ओढतेस? शिकलीसवरलेली ना तू? येते मी दहापर्यंत. तोवर काही करू नकोस.”

असं फाडफाड बोलून मी फोन ठेवला, आणि बघते तर नळ तसाच चालू, रोपं पाण्यात पोहतायत. माळीकाका लांबून म्हणाले, “काय, आज मासे लावायचेत का?” मला हसू आलं नाही.

बारकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि आतल्या खोलीला लागून एक गॅलरी. तिचा नवरा जहाजावर इंजिनात काम करतो, तो यायला अजून पाच आठवडे होते. तोवर घरात ही आणि पिटुकली, दोघीच. म्हणून घराची एक किल्ली माझ्याकडे. ती मी नर्सरीच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवून ठेवली होती.

बारकीनं दार उघडलं. चेहरा उतरलेला, डोळे जड.

“हे काय थोबाड करून घेतलंयस?”

“डोकं ठणकतंय गं. तीन दिवस झाले. मळमळतंय पण.”

“जागरण होत असेल.”

“नाही ना. पिटुकली आता छान झोपते. रडतसुद्धा नाही फारशी.”

मी पाळण्यात डोकावले. पाळणा आतल्या खोलीत, गॅलरीच्या काचेच्या दाराशी. पिटुकली झोपली होती. आठवड्यापूर्वी हीच पोर पोटदुखीनं सगळी इमारत जागवत होती. मी तिच्या पावलाला हात लावला, तिनं पाय ओढूनसुद्धा घेतला नाही.

“शहाणी गं माझी बाय,” मी म्हटलं. “आईवर गेली नाही. तू तर तीन महिने घर डोक्यावर घेतलं होतंस.”

हे मी म्हटलं. हसत हसत म्हटलं.

मग गॅलरीत गेले. आता गॅलरीचं सांगायला हवं. चार दिवसांपूर्वी थंडी एकदम वाढली होती. नर्सरीत आम्ही अशा वेळी रोपांच्या शेडला जाड प्लॅस्टिक लावतो. त्यातला एक मोठा तुकडा उरला होता, तो मी उचलला, पट्ट्या आणि खिळे घेतले, आणि बारकीची आख्खी गॅलरी कठड्यापासून छतापर्यंत बंद करून टाकली. कडेला चिकटपट्टी. माझं काम म्हणजे पक्कं काम. माणसं प्लॅस्टिक लावतात ते नुसतं लोंबत असतं, वारा आत, थंडी आत, मग लावलं कशाला? मी मुंगीला शिरायला फट ठेवली नव्हती. वेलीचे शेंडे वर चढवायला सुतळी बांधायची होती. बाथरूमच्या भिंतीतून एक पत्र्याचा पाइप गॅलरीत बाहेर आलेला दिसला. मी म्हटलं, वा, खुंटी आयतीच मिळाली. त्यालाच बांधली सुतळी.

त्या दिवशी दार उघडलं तर आत चांगलीच ऊब होती. प्लॅस्टिकवर आतून पाण्याचे थेंब धरलेले. “बघ कशी उबदार झालीय!” मी म्हटलं, आणि मग वेलीकडे पाहिलं.

जाईची सगळी पानं देठापासून खाली वळली होती. जमिनीवर कळ्या. टपोऱ्या, एक-दोन दिवसांत उमलायच्या अशा. मी खाली बसले आणि कामाला लागले.

कुंडी उचलून पाहिली. वजनावरून कळतं पाणी जास्त झालंय की कमी. वजन बरोबर होतं. कुंडी आडवी केली, बुडाशी थापटून मातीचा गोळा अलगद बाहेर काढला. मुळं पांढरीशुभ्र, एकही कुजलेलं नाही, सडका वास नाही. गोळा परत बसवला. मग एक फांदी तिरकी कापून आतलं लाकूड पाहिलं. मर रोग असला की आत तपकिरी रेघ दिसते. रेघ नव्हती. पानं उलटी करून पाहिली. कीड नाही, जाळी नाही, चिकटा नाही. बुंध्याला भोक नाही.

मग मी एक पान दोन बोटांत धरलं, आणि मला कळेना. सुकलेलं पान हाताला चिंधीसारखं लागतं. हे पान कडक होतं, रसरशीत होतं. ते सुकलेलंच नव्हतं, नुसतं वाकलेलं होतं. सगळ्यात जास्त वाकली होती ती वरच्या कोपऱ्यातली, पाइपाजवळची. मी हे पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे गेले.

“काय झालंय तिला?” बारकीनं दारातून विचारलं.

“कळेल.”

“म्हणजे तुला कळत नाहीये?”

वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. नाव सापडलं की रोगाची अर्धी भीती जाते, मग तो कितीही वाईट असो. हे जे काही होतं त्याला नावच नव्हतं, आणि ते पाळण्यापासून दोन हातांवर होतं. मघाशी ज्या बोलण्यावरून मी बारकीला झापलं तेच आता माझ्या डोक्यात शिरलं. पोर झाली त्या आठवड्यात लावलेली वेल. नको तो विचार. मी तो झटकला, तो परत आला.

बाथरूममध्ये बारकीनं नळ सोडला. गॅसचा गिझर भक् करून पेटला. पिटुकलीची अंघोळ, मग दुपट्यांचा ढीग. तान्ह्या पोराच्या घरात गरम पाणी दिवसभर लागतं, ते काही नवीन नाही.

“ताई,” ती परत आली. “प्लॅस्टिक जरा एका कोपऱ्यातून सोडू का गं? घरात कोंडल्यासारखं वाटतं. वेलीलाही कदाचित...”

“खबरदार!” मी म्हटलं. अशी कडाडले की ती एक पाऊल मागे सरली. “प्लॅस्टिकला हात लावायचा नाही. आधीच मरायला टेकलीय, त्यात बाहेरची थंडी लागली तर संपलंच. तुला झाडातलं काय कळतं? मी सांगेपर्यंत त्याला हात लावलास तर याद राख.”

“बरं,” ती म्हणाली.

मी ती कापलेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळली, माळीकाकांना दाखवायला घेतली आणि निघाले. जिना उतरताना माझंच डोकं ठणकायला लागलं. म्हटलं, या पोरीनं सकाळी सकाळी डोकं खाल्लं.

माळीकाका आमच्या नर्सरीत पंचेचाळीस वर्षं आहेत. त्यांनी फांदी हातात घेतली, वास घेतला, पान चावून थुंकलं आणि म्हणाले, “हिला काही झालेलं नाही.”

“काही झालेलं नाही? मग काय लाडात आलीय?”

“पाण्यात ठेव. बघू.”

मी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन फांदी शेडच्या खिडकीत ठेवली आणि कामाला लागले. दिवसभर गिऱ्हाईक. एकाला गुलाबाचं खत हवं, एकीला अशी वेल हवी जिला पाणी घालावं लागत नाही आणि जिची पानं पडत नाहीत. “प्लॅस्टिकची घ्या,” मी म्हटलं. जेवायच्या वेळेपर्यंत माझं डोकं ठणकायचं थांबलं होतं. ते कधी थांबलं ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

तीन वाजता चहाला शेडमध्ये गेले. माळीकाका खिडकीशी उभे होते.

“इकडे ये,” ते म्हणाले.

ग्लासातली फांदी सरळ झाली होती. सगळी नाही, पण वरची सहा-सात पानं देठापासून उचलली गेली होती.

मला आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, चला, वाचली. मग त्या आनंदाच्या मागून दुसरं काहीतरी यायला लागलं. मी ग्लास हातात घेतला. झाडापासून तोडलेली फांदी. हिला मूळ नाही, माती नाही. नुसतं नळाचं पाणी आणि मोडकी खिडकी. हिनं मरायला हवं होतं. आणि तिकडे मुळासकट, मातीसकट, उबेत असलेली वेल मान टाकून बसलीय.

“काका,” मी म्हटलं, “रोग हिच्यात नव्हताच.”

“नव्हता. जिथून आणलीस तिथं आहे.” मग त्यांनी विचारलं, “तिथं काही जळतं का? शेगडी, स्टोव्ह?”

“का?”

“तू यायच्या आधीची गोष्ट. अशीच थंडी होती. मालकांनी बंद शेडमध्ये रोपांना ऊब म्हणून शेगडी ठेवली. सकाळी सगळ्या कळ्या खाली, पानं अशीच वाकलेली. धूर दिसत नव्हता, वास नव्हता.” ते थांबले. “रखवालदार आत झोपला होता. त्याला हलवून हलवून उठवला. नाही उठला तो.”

मी ऐकत होते आणि मला तो पत्र्याचा पाइप दिसत होता. मी सुतळी बांधलेला. बाथरूमच्या भिंतीतून आलेला. गिझरचा पाइप. गिझरमध्ये जळलेला गॅस बाहेर सोडायचा पाइप, आणि ते बाहेर मी बंद केलं होतं. खिळे मारून, चिकटपट्टी लावून, मुंगीला फट न ठेवता. डोकं ठणकतंय गं. मळमळतंय. पिटुकली आता रडत नाही. शहाणी गं माझी बाय.

ग्लास माझ्या हातून कधी पडला ते मला आठवत नाही.

फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. बारकी माझा फोन दुसऱ्या घंटीला उचलते, अंघोळीला असली तरी ओल्या हातानं उचलते. परत लावला. पाच वेळा, सहा वेळा. मी नुसतं “उचल, उचल” म्हणत होते. माळीकाकांनी मला धरून गदागदा हलवलं. “पत्ता सांग,” ते म्हणाले. मी सांगितला. “ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन, दोन्हीकडे मी फोन करतो. तू नीघ.”

कुंड्या पोचवणारा टेम्पो फाटकात उभा होता. टेम्पोवाला विडी शिलगावत होता. मी आत चढले आणि म्हटलं, “चल.” त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विडी टाकली. एरवी माझ्याशी दहा वाद घालणारा माणूस, त्या दिवशी त्यानं सरळ गाडी चालू केली.

वीस मिनिटांचा रस्ता. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. आई गेली तेव्हाही नाही, तेव्हा कळतच नव्हतं. आता सगळं कळत होतं, तेच वाईट. मी हिशोब करत होते की अंघोळ दहाला, दुपटी अकराला, मग ती जेवली असेल, मग झोपली असेल, गिझर बंद असेल, असायलाच हवा. मग वाटायचं, तीन वाजता पोरीचं अंग पुसायला परत पाणी काढलं असेल. सिग्नल लागला. मी टेम्पोवाल्याला ओरडले, “तोड!” तो म्हणाला, “माणसं चालतायत, ताई.” माणसं चालत होती. कुणी पिशवी घेऊन, कुणी बोलत, कुणी काही खात. मला त्यांचा राग आला, नुसती चालतायत म्हणून. मी फोन लावतच होते.

तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा दाराबाहेर दोन आवाज येत होते. आत फोन वाजत होता, माझाच. आणि आत पाणी वाहत होतं.

किल्लीचं जुडगं काढलं. शेडची, खताच्या खोलीची, पंपाची, फाटकाची, सगळ्या हाताला लागत होत्या, तीच लागेना. “बारकी!” मी दार बडवलं. “बारकी, दार उघड! मी ओरडणार नाही, उघड!” हे मी खरंच म्हटलं. समोरच्या घरातल्या शिक्षिका बाहेर आल्या, त्यांनी ऐकलं.

किल्ली लागली.

बारकी बाथरूमच्या उंबऱ्यात पडली होती, अर्धी आत अर्धी बाहेर. बादली भरून वाहत होती आणि वर गिझर जळत होता. मी नळ बंद केला, गिझर विझला. तिला ओलांडून आतल्या खोलीत गेले. हो, बहिणीला ओलांडून गेले. पिटुकलीला पाळण्यातून उचललं. तिची मान मागे पडली. ती गरम होती, मऊ होती, आणि काहीच करत नव्हती. मी तिला शिक्षिकांच्या हातात जवळजवळ फेकलं. “खाली न्या! उघड्यावर!” मग बारकीच्या काखेत हात घालून तिला ओढत बाहेर काढलं. टेम्पोवाला वर आला होता, त्यानं पाय धरले.

मग मी परत आत गेले. कुणीतरी मागून ओरडलं, जाऊ नका. गेले. एप्रनच्या खिशातली छाटणीची कात्री काढली आणि ते प्लॅस्टिक फाडायला लागले. फाटेना. इतकं पक्कं मी लावलं होतं. जाड, दुहेरी मुडपलेलं, दर वितीला खिळा. मी कात्री खुपसून दोन्ही हातांनी ओढत होते, नखं तुटली, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. शेवटी एकदा टर्रकन् फाटलं आणि गार वारा तोंडावर आला. त्या फटीतून खाली बघितलं. शिक्षिका फुटपाथवर बसल्या होत्या, मांडीवर पिटुकली. त्या तिच्या पाठीवर थापट्या मारत होत्या. एक, दोन, तीन. मी कठडा धरून उभी होते.

आणि मग पोर रडली. कधी नव्हे एवढी कर्कश, बेसूर रडली. मी गॅलरीत कळ्यांच्या सड्यात मटकन खाली बसले.

ॲम्ब्युलन्सनं दोघींना नेलं. मलाही बसवलं, नाकावर नळी लावली. निघायच्या आधी अग्निशमनचा एक माणूस खाली आला, हातात माझ्या प्लॅस्टिकचा तुकडा.

“हे कुणी लावलं?” त्यानं विचारलं. “गिझरच्या पाइपासमोर? अक्कल गहाण ठेवली होती का कुणी?”

एरवी माझ्याशी कुणी अशा भाषेत बोललं असतं तर.

“मी,” मी म्हटलं.

त्यानं तुकडा घडी करून पिशवीत घातला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, पिटुकली सावरतेय. आणखी तासभर गेला असता तर काही सांगता आलं नसतं. बारकी पण शुद्धीवर येईल, थांबा. मी खुर्चीत बसून थांबले. शिक्षिका येऊन सांगून गेल्या, “तुम्ही होतात म्हणून दोघी वाचल्या.” टेम्पोवाला माळीकाकांना फोनवर सांगत होता, “ताईंनी एका पानावरून ओळखलं हो, नुसत्या पानावरून!” एका पानावरून मी दहा वाजताच ओळखायला हवं होतं. आणि ओळखलं नाही ते नाही, ती सांगत होती ते तरी ऐकायला हवं होतं. तिला झाडातलं कळत नव्हतं, पण श्वास कोंडतोय एवढं कळत होतं. हात वर करून एक कोपरा सोडायचा होता, बस्स. एक कोपरा. तिचा हात तिथवर पोचत होता.

दिवस मावळताना बारकीनं डोळे उघडले. आधी तिला काही उमजेना. तिनं पोरीला शोधलं. मी पलीकडचा पाळणा दाखवला, आत पिटुकली चिडून पाय झाडत होती. ते बघून बारकीचे डोळे भरून आले. मग तिची नजर माझ्याकडे वळली. माझ्या तुटलेल्या नखांकडे, हातावरच्या ओरखड्यांकडे, एप्रनला अजून चिकटून राहिलेल्या प्लॅस्टिकच्या चिंधीकडे.

मी तिचा हात धरला. मला तिला सांगायचं होतं की माझं चुकलं. खुर्चीत बसल्यापासून मी हेच घोकत होते. पण तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, लहानपणी काही फुटलं की पाहायची तसं, आता ओरडा बसणार का याचा अंदाज घेत. आणि तोंडावरचा मास्क एका बोटानं बाजूला करून घाईघाईनं म्हणाली,

“ताई, मी नाही हं हात लावला त्याला. तू सांगितलं होतंस ना. शपथ, एकदासुद्धा नाही लावला.”